बारावी आर्ट्सनंतर राज्यशास्त्र घेऊन बी.ए. आणि मग एलएल.बी. : उपयोग होतो का?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी,

माझी भाची इंदापूरहून बारावी (कला) करून माझ्याकडे राहायला आली आहे. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. वकील व्हायचं हे तिचं शाळेत असल्यापासून ठरलेलं. पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ची सीईटी दिली, पण हव्या त्या कॉलेजात नंबर लागला नाही, आणि जिथे लागत होता तिथली फी तिच्या बाबांच्या आवाक्याबाहेरची. त्यामुळे आधी बी.ए. आणि मग तीन वर्षांची एलएल.बी. असा विचार चाललाय.

बी.ए.ला मुख्य विषय राज्यशास्त्र घ्यायचा म्हणते. का, तर "मावशी, कायदा जिथे बनतो तिथूनच सुरुवात करते." बाबांचं म्हणणं, बी.कॉम. कर, उद्या वकिली नाही चालली तर कुठेतरी चिकटता येईल. आमच्या सोसायटीतले एक जण सांगतात, राज्यशास्त्र म्हणजे गाईड वाचून पास व्हायचा विषय, त्यापेक्षा इंग्रजी घे.

तर प्रश्न असा की राज्यशास्त्राचा एलएल.बी.ला खरंच उपयोग होतो का? होत असेल तर नेमका कुठे? आणि ही तीन वर्षं तिने कशी वापरावीत? ज्यांनी स्वतः या वाटेने शिक्षण घेतलंय त्यांनी कृपया लिहा. ती स्वतःही हा धागा वाचते आहे.

निशाणी_पाच

ताई, मी शिवाजीनगर कोर्टात दिवाणी बाजूला प्रॅक्टिस करतो. जे रोज दिसतं ते सांगतो.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे एलएल.बी.ला २० विषय सक्तीचे आणि ४ पेपर प्रात्यक्षिकाचे. त्या विसात राज्यशास्त्र थेट कामाला येतं असे मोजून पाच निघतात: संविधानाचे दोन, ज्युरिस्प्रुडन्स (कायद्याचं तत्त्वज्ञान), प्रशासकीय कायदा आणि आंतरराष्ट्रीय कायदा. बाकी करार, मालमत्ता, कौटुंबिक कायदे, पुरावा, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी, कंपनी, कर, कामगार. तिथे बी.ए. कुठल्याही विषयात केलेलं असो, सगळे पहिल्या पानापासूनच सुरू करतात.

आता कोर्टातलं काम. समजा मुळशीकडची वडिलोपार्जित जमीन आहे, एका भावाने सामाईक मिळकतीत बांधकाम काढलं. दुसरा भाऊ सातबारा, फेरफार आणि मोबाईलवरचे फोटो घेऊन तुमच्यासमोर बसतो. दावा दाखल करायचा आणि त्याच्यासोबत निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत बांधकाम थांबवा असा तात्पुरत्या मनाईचा अर्ज. कोर्ट तीन गोष्टी बघतं. प्रथमदर्शनी केस आहे का, सोय-गैरसोयीचं पारडं कुणाकडे झुकतं, आणि आज मनाई दिली नाही तर भरून न येणारं नुकसान होणार का. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ आणि त्यावरचे निकाल उघडले की हे सगळं तिथे. त्यात सार्वभौमत्व नाही, संघराज्य नाही. फेरफार कोणत्या तारखेचा, वाटप तोंडी झालं की नोंदणी करून, हरकत कुणी घेतली होती, आणि हे सगळं चार पानांत न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर उभं राहील असं लिहिता येतं का, हे महत्त्वाचं.

एवढं सांगूनही राज्यशास्त्र घेऊ नको असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे ज्युनिअर येतात त्यांच्यात फरक पडतो तो पदवीच्या विषयामुळे नाही. लांबलचक मजकूर शेवटपर्यंत लक्ष देऊन वाचता येतो का, आणि वाचलेलं स्वतःच्या वाक्यांत मांडता येतं का, या दोन गोष्टींनी पडतो. राज्यशास्त्र मनापासून शिकवणारं कुणी भेटलं तर ही दोन्ही कामं त्यात रोज होतात. गाईडवर काढलं तर तीन वर्षं गेली म्हणून समजा.

ताळेबंद

मी बी.कॉम. करून लॉ केलं, त्यामुळे बाबांची बाजू मांडतो. कंपनी कायदा, कर, चेक न वटल्याचे कलम १३८ चे खटले, भागीदारीतले वाद, या सगळ्यात ताळेबंद वाचता येणं मोठी गोष्ट आहे. समोरचा वकील आकड्यांपाशी अडखळतो तिथे आपण दोन पावलं पुढे असतो.

पण बाबांना एक विचारा. भाचीला आकड्यांची गोडी आहे का? नसेल तर "चिकटता येईल" एवढ्या कारणासाठी केलेल्या बी.कॉम.मध्ये टक्केवारीही पडते आणि मनही उडतं. माझ्या बॅचमधले असे दोघं लॉला आलेच नाहीत.

टेकडीवाला

विषयाचं इतकं मनावर घेऊ नका, ताई. आपल्याच गावाकडे बघा. लोकमान्य टिळकांची बी.ए. गणितातली, एलएल.बी. १८७९ ची. आयएलएस लॉ कॉलेज १९२४ ला सुरू झालं. तिथे शिकलेले दोन जण पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यातले न्या. गजेंद्रगडकर डेक्कन कॉलेजातून एम.ए. झालेले, संस्कृतचा मोठा व्यासंग. न्या. यशवंतराव चंद्रचूड यांची पदवी इतिहास आणि अर्थशास्त्र घेऊन. तिघांचे तीन रस्ते, आणि राज्यशास्त्र त्यात कुठेच नाही.

फळा_खडू

टेकडीवाले, तुमच्या यादीत बाबासाहेब राहिले. त्यांची मुंबई विद्यापीठाची बी.ए. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राची, १९१२ सालची. बॅरिस्टर त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आणि २९ जानेवारी १९३९ ला ते पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या काळे स्मृती व्याख्यानात बोलले तेव्हा विषय होता १९३५ च्या कायद्यातलं संघराज्य. कायद्याची कलमं एकेक करून उलगडायची आणि प्रत्येक कलमाला "यात सत्ता कुणाच्या हातात जाते?" हे विचारायचं, असं ते व्याख्यान आहे. राज्यशास्त्र आणि कायदा एका डोक्यात एकत्र नांदतात तेव्हा काय होतं हे बघायचं असेल तर भाचीने ते जरूर वाचावं.

मी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. "गाईड वाचून पास व्हायचा विषय" हे ऐकून फार वाईट वाटतं, पण ते म्हणणाऱ्यांवर राग नाही. बऱ्याच ठिकाणी तसंच होतं.

निशाणी_पाच यांचा हिशेब बरोबर आहे, विसातले पाच. पण राज्यशास्त्र म्हणजे कायद्याच्या अभ्यासक्रमाचा काही भाग आधीच उरकून ठेवणं, असं मानलं तर निराशाच होणार. संविधानाची कलमं पाठ करायला बी.ए. कशाला लागतं? त्याची कमाई वेगळी आहे. एक उदाहरण देतो, आपल्याच राज्यातलं. कोणत्या पक्षाचं बरोबर हा वाद इथे नको.

पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आली. तिच्या पहिल्याच परिच्छेदात दोन व्याख्या शेजारी शेजारी आहेत: "विधिमंडळ पक्ष" आणि "मूळ राजकीय पक्ष". दुसऱ्या परिच्छेदात म्हटलंय की सदस्याने आपल्या राजकीय पक्षाने दिलेल्या निर्देशाविरुद्ध मतदान केलं तर तो अपात्र ठरू शकतो. आता २०२२ चा शिवसेनेतला पेच आठवा. बहुसंख्य आमदार एकीकडे, पक्षप्रमुख दुसरीकडे, आणि दोन्ही गटांचे प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश (व्हिप) देणारे, वेगळे. खरा व्हिप कुणाचा? सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ११ मे २०२३ ला सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही.

वर्गात हा निकाल घेतला तर मुलं लगेच विचारतात, मग आमदारांचं बहुमत म्हणजे काहीच नाही का? इथून खरा विषय सुरू होतो. आमदार निवडून येतो तो स्वतःच्या नावावर की पक्षाच्या चिन्हावर? पक्षाला सभागृहातल्या माणसावर इतका ताबा द्यावा का? अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांवर का सोपवला, जे स्वतः एका पक्षाचेच असतात? पूर्वी एक तृतीयांश सदस्य फुटले तर चालत होतं, ती वाट २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने बंद का केली? या प्रश्नांशी वर्षभर झगडलेली मुलगी लॉला गेली की तो निकाल तिला पाठ करावा लागत नाही. न्यायाधीशांपुढे कोणकोणते पर्याय होते हे तिला आधीच माहीत असतं.

राज्यशास्त्र घ्यायचं तर असं घ्यावं. कॉलेज निवडताना नावापेक्षा एकच चौकशी करा: विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि ते मुलांकडून लिहून घेतात का.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत हा प्रश्न दरवर्षी प्रत्येक घरात असतो. इथे कायद्याचं शिक्षण पदवीनंतरच, तीन वर्षांचं. आधीची चार वर्षांची पदवी कशातही चालते. अमेरिकन बार असोसिएशन कुठल्याच एका विषयाची शिफारस करत नाही, तरी अर्ज करणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त राज्यशास्त्रवालेच असतात. माझा भाचा भौतिकशास्त्र घेऊन गेला आणि आता पेटंटचं काम करतो. प्रवेश परीक्षेतही कायदा विचारत नाहीत, उतारे वाचून त्यातला युक्तिवाद ओळखायचा असतो. तर्काची कोडी होती तीही ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकली. म्हणजे तिथेही शेवटी भर वाचनावरच.

एलएलबी_तिसरंवर्ष

मी याच वाटेने आलेय, म्हणून सविस्तर लिहिते. बी.ए. राज्यशास्त्र स्पेशल, नंतर सीईटी, आता एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला. शाळा बारामती तालुक्यात, मराठी माध्यम.

जिथे उपयोग झाला ते आधी. केशवानंद भारती खटला बी.ए.ला एका परिच्छेदात संपला होता: १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, संविधानाची मूलभूत संरचना बदलता येणार नाही. लॉला तोच निकाल शेकडो पानांचा निघाला. वर्गातल्या विज्ञान आणि कॉमर्सच्या मुलांना हेच कळत नव्हतं की केरळमधल्या एका मठाच्या जमिनीवरून एवढं रामायण का घडलं. मला जमीन सुधारणा कायदे, १९६७ चा गोलकनाथ निकाल, १९७१ ची २४वी दुरुस्ती, त्या वेळच्या इंदिरा गांधी सरकारचं न्यायालयाशी असलेलं भांडण, हा सगळा क्रम माहीत होता. निकाल वाचताना कोण कशाला उत्तर देतंय ते समजत गेलं. प्रशासकीय कायद्यातही तसंच.

जिथे उपयोग झाला नाही, उलट त्रास झाला, तेही सांगते. बी.ए.ला प्रश्न असतो "टीकात्मक परीक्षण करा". आपण दोन्ही बाजू लिहितो, शेवटी म्हणतो की सत्य दोहोंच्या मध्ये आहे. लॉच्या पेपरात प्रश्न असतो: "अ ने ब ला पत्राने घर विकण्याचा प्रस्ताव दिला. ब ने स्वीकृतीचं पत्र पोस्टात टाकलं. ते पोचायच्या आत अ ने प्रस्ताव मागे घेत असल्याचं कळवलं. करार झाला का?" इथे दोन्ही बाजू लिहून चालत नाही. मुद्दा कोणता, करार कायद्याचं कलम कोणतं (४ आणि ५), ते या घटनेला कसं लागू होतं, आणि उत्तर हो की नाही. इथे ब ने पत्र पोस्टात टाकल्याक्षणी अ बांधला गेला, म्हणून करार झाला. मला ही सवय लागायला पहिलं वर्ष गेलं. भाचीने बी.ए. करतानाच अशी समस्यांची उत्तरं लिहायला घेतली तर खूप पुढे जाईल.

माध्यमाबद्दल. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, त्यामुळे आपल्यासारख्यांनी घाबरायचं कारण नाही. पण हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टात अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजी, आणि निकाल सगळे इंग्रजीत. मी काय केलं, तर संविधानाची मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवून रोज एक अनुच्छेद वाचायचा. आधी इंग्रजी, अडलं तर मराठी. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर पोर्टलवर फुकट मिळतात, त्यातल्या बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही आहेत. कोचिंगचे पैसे भरायच्या आधी हे करून बघा. बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेली पुस्तकं) अप्पा बळवंत चौकात स्वस्तात मिळतात, जुने मात्र घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झालेत, जुन्या प्रतींतले कलम क्रमांक आता जुळत नाहीत.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समोर बसवूनही सांगत नाही. अजून थोडं व्यवहाराचं विचारते. तीन वर्षांच्या लॉला टक्के किती लागतात? आणि नव्या शैक्षणिक धोरणात बी.ए. चार वर्षांचं झालंय म्हणतात, मग चार अधिक तीन अशी सात वर्षं जाणार का?

एलएलबी_तिसरंवर्ष

ताई, चौथं वर्ष ऑनर्ससाठी आहे. तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि ती एलएल.बी.ला चालते. पदवीला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के, ओबीसी ४२, एससी-एसटी ४०. सीईटीत कायद्याचा कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी हे भाग असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. राज्यशास्त्र घेतलं तर पहिल्या दोन भागांची तयारी आपोआप होत राहते.

फीचं म्हणाल तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. उत्पन्नाचा दाखला आणि जात प्रमाणपत्र आत्ताच तयार ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी तहसीलमध्ये धावपळ नको.

निशाणी_पाच

अजून एक गोष्ट आत्ताच माहीत असू दे. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आली आहे. म्हणजे बी.ए., एलएल.बी., बार कौन्सिलची सनद, एआयबीई (बार कौन्सिलची वकिलीसाठीची परीक्षा), प्रॅक्टिस, आणि मग न्यायाधीशपदाची परीक्षा. घरच्यांनी हा काळ धरूनच पैशाचं गणित मांडावं. पहिली दोन-तीन वर्षं ज्युनिअरला मिळणारा मोबदला फार तुटपुंजा असतो. वडिलांची काळजी रास्त आहे ती इथे, विषयात नाही.

इंदापूरची

सगळ्यांना नमस्कार. मीच ती भाची. मावशीने सांगितलं, आता तूच लिही.

फळा_खडू सर, तुमचं उदाहरण वाचून दहावी अनुसूची उघडली. व्याख्या सापडल्या. मला असाच एखादा प्रश्न द्याल का, ज्याच्यावर मी स्वतः लिहून बघेन? आणि काका, कोर्टात बाहेरच्या माणसाला बसू देतात का?

निशाणी_पाच

देतात. न्यायालय खुलं असतं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५३-ब बघ. मोबाईल बंद, मागच्या बाकावर बसायचं, न्यायाधीश आले-गेले की उभं राहायचं. सकाळी ११ ला बोर्डावरची प्रकरणं पुकारतात तेव्हा ये. आधी उलटतपास ऐक. साक्षीदाराला एका वाक्यात एकच गोष्ट कशी विचारतात ते कान देऊन ऐक. कौटुंबिक न्यायालयात मात्र जाऊ नकोस, तिथली प्रकरणं लोकांच्या घरातली असतात.

फळा_खडू

प्रश्न देतो. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक वेळेत झाली नाही, प्रशासक आला आणि जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत वर्षानुवर्षं तोच कारभार राहिला. ७४व्या घटनादुरुस्तीचा भाग ९-क वाच, विशेषतः अनुच्छेद २४३-यू. मग सांग, हे संविधानात बसतं का? एक पान. वर्तमानपत्रातलं मत नको, आधी अनुच्छेद.

इंदापूरची

सर, लिहिलंय.

अनुच्छेद २४३-यू (१) म्हणतो की नगरपालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, त्याहून अधिक नाही. (३) म्हणतो की मुदत संपण्याच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, आणि आधीच विसर्जित झाली असेल तर सहा महिन्यांच्या आत. मुदत संपल्यावर प्रशासक नेमून चालवा अशी तरतूद मला भाग ९-क मध्ये कुठे दिसली नाही.

मग निवडणूक का लांबली ते शोधलं. ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी सांगितल्या: स्वतंत्र आयोग, त्या त्या संस्थेपुरतं किती आरक्षण लागतं याची माहिती, आणि सगळं मिळून ५० टक्क्यांच्या आत. त्यानंतर प्रभागरचना आणि सदस्यसंख्या बदलत राहिली, प्रकरण न्यायालयात पडून राहिलं. ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला.

माझं मत: आरक्षणाचा प्रश्न खरा आहे, ज्यांना प्रतिनिधित्व मिळत नव्हतं त्यांचा हक्क आहे. पण माहिती गोळा करणं सरकारचं काम होतं आणि ते मुदत संपायच्या आत करायचं होतं. ते झालं नाही याचा भुर्दंड मतदाराने का सोसायचा? नगरसेवकच नसेल तर माणसाने जाब कुणाला विचारायचा? १९९२ च्या घटनादुरुस्तीआधी नगरपालिका अशाच बरखास्त होऊन पडायच्या, म्हणूनच तर मुदतीचं कलम घातलं असं मी वाचलं. म्हणून हे संविधानात बसत नाही असं मला वाटतं.

फळा_खडू

शाबास. कलमापासून सुरुवात केलीस, ते का आलं हे शोधलंस, आणि आरक्षणाचा हक्क बाजूला न सारता मत मांडलंस. राज्यशास्त्राचं उत्तर म्हणून हे मला पटलं. एक भर घाल. २००६ मध्ये किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पाच वर्षांची मुदत पाळणं निवडणूक आयोगाचं कर्तव्य आहे, नैसर्गिक आपत्तीसारख्या अपवादात्मक परिस्थितीतच ढिलाई चालेल. तो मिळवून वाच.

निशाणी_पाच

सर, आता माझी पाळी.

पोरी, मत पटलं. पण समजा ती निवडणूक अजून व्हायचीच आहे, मी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलोय आणि माझ्यासमोर अशी बरीच प्रकरणं आहेत. तू कोण? पुण्याची मतदार आहेस का, नाव यादीत आहे का? कोणाविरुद्ध आलीस, राज्य सरकार, राज्य निवडणूक आयोग, महापालिका, की तिघंही? माझ्याकडून नेमकं काय हवंय? "हे संविधानात बसत नाही" असं नुसतं म्हणून मी काय आदेश देऊ? आणि समोरचा वकील उभा राहून २४३-झेडजी वाचून दाखवेल, निवडणुकीच्या बाबतीत न्यायालयाने हस्तक्षेप करायचा नाही म्हणून. त्याला काय सांगशील?

बी.ए.ला शिकशील ते सरांचे प्रश्न. एलएल.बी.ला हे. दोन्ही लागतात, आणि याच क्रमाने आले तर बरं.

ताळेबंद

हा संवाद वाचून बी.कॉम.चा मुद्दा मी मागे घेतो. मुलीला राज्यशास्त्रच घेऊ दे.

इंदापूरची

काका, २४३-झेडजी वाचला. त्याचे दोन भाग आहेत. (अ) प्रभाग पाडण्याच्या किंवा जागावाटपाच्या कायद्याची वैधता न्यायालयात विचारायची नाही. (ब) झालेल्या निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेने. मी प्रभागरचनेला आव्हान देत नाहीये आणि झालेली निवडणूक रद्द करा असंही म्हणत नाहीये. मी म्हणतेय निवडणूक घ्या. म्हणून दोन्ही भाग मला लागू होत नाहीत.

माझं नाव अजून इंदापूरच्या यादीत आहे, त्यामुळे याचिकाकर्ती मावशी. हायकोर्टात अनुच्छेद २२६ खाली. प्रतिवादी राज्य सरकार आणि राज्य निवडणूक आयोग. २४३-झेडए प्रमाणे निवडणूक घेणं आयोगाच्या हातात, पण आरक्षणाची माहिती देणं सरकारच्या, म्हणून दोघंही. महापालिकेला घालायचं का ते मला ठरवता आलं नाही. मागणी: ठरावीक तारखेच्या आत निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर करावा.

निशाणी_पाच

महापालिकेलाही घाल. यंत्रणा तिची वापरली जाते आणि आदेश तिलाही लागू झाला पाहिजे. झेडजीचं उत्तर बरोबर. फक्त "लागू होत नाही" म्हटल्यावर थांबू नकोस, तिथेच सरांनी सांगितलेला २००६ चा निकाल दाखव. त्यात न्यायालयाने हे कर्तव्य स्पष्ट सांगितलं आहे.

आता मागण्या एका पानावर वेगळ्या लिही, प्रत्येक मागणीला वेगळा क्रमांक.

इंदापूरची

लिहिते. काका, भाषा "आदेश द्यावा" अशी की "विनंती आहे" अशी?

निशाणी_पाच

वर एकदाच "नम्र विनंती की" आणि खाली (अ), (ब), (क) करून "आदेश व्हावा". (अ) मध्ये मुख्य मागणी, तारखेसकट. (ब) मध्ये याचिकेचा निकाल लागेपर्यंतची अंतरिम मागणी. प्रशासकाने या काळात कोणते मोठे निर्णय घेऊ नयेत ते तिथे येईल, ते कोणते हे तू ठरव. (क) मध्ये खर्च. आणि शेवटी "न्यायालयास योग्य वाटेल तो अन्य आदेश व्हावा", ही ओळ कधीही विसरायची नाही.